रिकामं पातेलं

"आणखी काय सोडू, बाबा? आता तुम्हीच सांगा."

शद्रक भिंगारदिवे दारातूनच बोलला.

इलियाबाबा म्हणजे जुने उपदेशक, ख्रिस्ती देवळामागच्या खोलीत एकटे राहणारे. त्यांनी एकदा आपल्याला शिष्य म्हणावं, एवढीच शद्रकची आस होती. बाबा मात्र दाद देत नव्हते.

"तेलाची पेढी पुतण्याच्या हवाली केली. मळा देवळाला दिला. बोटातली अंगठीसुद्धा उतरवली. प्रभू म्हणतो सगळं सोड आणि माझ्यामागं ये. सोडलं की! आयुष्यात कधी कुणाचा मिंधा राहिलो नाही मी."

"ते खरंय," बाबा म्हणाले. "हातात काय आहे?"

शद्रकनं पातेलं पुढं केलं. जर्मनचं, बुडाला पोचा आलेलं.

"राहेलमावशीचं. मी तापानं पडलो होतो, तर तिनं हुलग्याची शेंगोळी पाठवली. भांडं परत द्यायला निघालोय."

"आणि आत?"

"खजूर. रिकामं भांडं परत करायची रीत आहे का आपल्यात?"

आता रीत म्हणाल तर चिमूटभर साखरेनंही पाळली जाते. पण हा गडी वाटीभर आमटीला पायलीभर गहू धाडणारा. उधारी सोडाच, कुणाची मायासुद्धा रात्रभर घरात ठेवायची नाही, असा त्याचा खाक्या.

बाबांनी पातेलं घेतलं, खजूर पायरीवर ओतला, आणि पातेलं परत त्याच्या हातात दिलं.

"असंच देऊन ये."

"असंच? अहो, तिच्या घरावरचे पत्रे मी घालून दिलेत. तिच्या दारात मी रिकामं भांडं घेऊन उभा राहू? गाव काय म्हणेल?"

"मळा दिलास तेव्हा गाव काय म्हणालं होतं?"

शद्रकनं पायरीवरच्या खजुराकडं पाहिलं.

"आणि प्रभूनं काही पाठवलं तर? त्याचंही भांडं भरूनच परत करशील?"

शद्रकनं पातेलं उपरण्याखाली झाकलं आणि निघाला. वाटेत वाण्याचं दुकान लागलं. पाय आपोआप थांबले. "साखर द्या हो थोडी," हे अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं त्यानं ते.

राहेलमावशी अंगणात धुणं वाळत घालत होती.

"सलाम, शेठ! उतरला का ताप?"

त्यानं पातेलं पुढं केलं. म्हातारीनं सवयीनं आत पाहिलं. मग वाकून पुन्हा पाहिलं...

शद्रकला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. काही तरी बोलायला तर हवं होतं, आणि हातात द्यायला काही नव्हतं.

"मावशी... काही आणलं नाही मी. शेंगोळी फार चांगली होती. दोन दिवस पोटात काही नव्हतं. मला भूक लागली होती."

म्हातारीनं पातेलं पोटाशी धरलं आणि बोळकं तोंड उघडून हसली.

"अगं बाई, बरं झालं! दर खेपेला तुमचा तो खजूर यायचा. मला वाटायचं, आमचं काही या माणसाच्या घरात टिकतच नाही. आज एकदाची आमची शेंगोळी तुम्हाला पोचली म्हणायची!"

किती घरांतून काय काय आलं होतं शद्रककडं, आणि त्यानं ते सगळं त्याच दिवशी फेडून टाकलं होतं. चव अशी कशाचीच आठवत नव्हती. शेंगोळीची आठवत होती. लसणाची फोडणी, वर सोडलेली तेलाची धार...

"मावशी," तो म्हणाला, "फार उपकार झाले."

हे शब्द त्यानं याआधी कुणापुढं काढले नव्हते.

परत आला तेव्हा पायरीवरच्या खजुराला मुंग्या लागल्या होत्या. त्याचं लक्षही गेलं नाही. बाबा जेवायला बसले होते. त्यांनी ताटातली अर्धी भाकरी मोडून त्याच्यापुढं धरली.

शद्रकनं दोन्ही हातांनी घेतली. पण जन्माची खोड...

"बाबा, याच्या बदल्यात मी..."

त्यानं जीभ चावली.

बाबांनी उरलेली अर्धीही त्याच्या हातावर ठेवली.

"उद्या भुकेलाच ये."