बुटकी मोटार

"मोटार नवी कोरी हवी. पाचही मानकरी बसतील एवढी हवी. पिंपळदरीकरांच्या मोटारीपेक्षा उंच हवी. वर्षाला दहा डबे पेट्रोलात भागली पाहिजे. आणि किंमत नऊशे रुपये. वर एक पैसुद्धा मिळणार नाही!"

खैरवाडी संस्थानचे राजे उदाजीराव एवढं बोलून पान चघळायला लागले आणि त्यांचा बग्गीवाला हैबती घाम पुसायला लागला.

"सरकार, नऊशेत..."

"दसऱ्याला मोटार दारात दिसली, तर तू ड्रायव्हर. नाही दिसली, तर तबेल्यामागची खोली रिकामी कर!"

आता राजेच ते, त्यांना कोण समजावणार? संस्थान केवढं, तर सकाळी सुटलेली शेळी शेजारच्या राज्यात चरून दुपारी घरी यायची. तिजोरीचा खडखडाट! पण गेल्या दसऱ्याला शेजारचे राजे पिंपळदरीकर आपल्या उंच मोटारीतून उतरले आणि मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले, "काय उदाजीराव, अजून बग्गीच?" झालं! ते बोलणं राजांना वर्षभर टोचत होतं.

पंधरवड्यानंतर एक दिवस हैबती घरी येऊन गुडघ्यात डोकं घालून बसला. त्याची लेक येसू चुलीपुढे भाकऱ्या थापत होती.

"आबा, जेवा की. भाकरी गार हुतीया."

"कुठली भाकरी गं! मुंबईच्या मोटारवाल्यानं कळवलंय, नऊशेत दोघांचीच मोटार येती. तीबी बुटकी. पाच मानकरी काय टपावर बसवू?"

"मग तीच मागवा."

"डोकं फिरलं का तुझं?"

"मागवा म्हणते न्हवं! पुढचं मी बघते."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मोटार आली. घेऊन येणाऱ्याने वाटेत हैबतीला ती चालवायलाही शिकवलं होतं. उदाजीराव हौसेने बाहेर आले आणि जागीच थबकले. मोटारीचा टप त्यांच्या छातीला लागत होता!

"हैबती! मोटार आणलीस की कोंबड्यांचं खुराडं?"

हैबती मोटारीमागे सरकला. येसू पदर खोचून पुढे आली.

"सरकार, मी बोलले तर चालंल?"

"बोल. तुझ्या बापाची तर वाचाच बसली आहे!"

येसू मानकऱ्यांकडे वळली. "सरकारांच्या समोर बसायचं कुणाला? ज्यांना बसायचं त्यांनी हात वर करा!"

एकही हात वर झाला नाही. खैरवाडीत राजासमोर मानकरी कधी बसत नसे. दरबारात नाही, लग्नाच्या पंगतीत नाही, कुठेच नाही. सगळ्यांत म्हातारे ढोणेबाबा तर तांबडेलाल झाले.

"बसायचं? माझे आजे उभे राहिले, वडील उभे राहिले, गुडघे ठणकतात तरी मी उभाच आहे! मान आहे तो आमच्या घराण्याचा!"

"अलबत!" बाकीचे चौघे ओरडले.

"मग न बसणाऱ्यांच्या बैठकीला पैसे कशापायी घालायचे, सरकार? मोटारीच्या दोन्ही अंगांना आन् मागं पाय ठेवायच्या फळ्या हाइत. मानकरी मानानं उभे ऱ्हातील. आत तुम्ही आन् आबा."

उदाजीराव चपापले. असा कुणी विचारच केला नव्हता.

"बरं, पेट्रोल?"

"आपल्या घोड्यांचा नाल झिजलेला मी जल्मात बघितला न्हाई. सोमवारी देवळात जायचं आन् यायचं. दहातले चार डबे उरतील!"

मानकऱ्यांनी खोकल्याच्या निमित्ताने तोंडावर उपरणं धरलं.

"ते राहू दे! उंचीचं काय? ही तर बसलेल्या म्हशीएवढी आहे!"

"त्याचं उत्तर उद्या देते. फकस्त एक करा. पिंपळदरीकरांचं सोनं हातात पडंस्तवर मोटारीतनं उतरू नका. टपबी उघडू नका."

"आणि उत्तर नाही पटलं तर?"

"परवा सकाळी आम्ही बोचकी बांधतो."

हैबतीने कपाळाला हात लावला. रात्रभर तो बिचारा भिंतींकडे बघत बसला. त्याचा जन्मच त्या खोलीतला.

दसरा उजाडला. मोटारीला हार घातला, नारळ फुटला, चाकाखाली लिंबं चिरडली. संध्याकाळी आपट्याची पानं, म्हणजे दसऱ्याचं सोनं, घेऊन पिंपळदरीकर आले. त्यांची मोटार गवताच्या गंजीएवढी उंच! पण खैरवाडीची वेस बुटकी, आणि वेशीत मारुती बसलेला, त्यामुळे तिचा दगडही हलवायचा नाही. मोटार वेशीबाहेरच थांबली. पिंपळदरीकर उतरले आणि छाती काढून चालत निघाले.

तेवढ्यात वेशीतून फटफट करत खैरवाडीची मोटार बाहेर आली. दोन मानकरी इकडे, दोन तिकडे, आणि मागे ढोणेबाबा मिशा सावरत उभे. मोटार बरोबर पिंपळदरीकरांपुढे थांबली.

पिंपळदरीकर सहा फूट उंच, त्यावर भलाथोरला फेटा. त्यांना नुसता टपच दिसला.

"अहो उदाजीराव, आहात कुठे?"

"इथे आहे, आत! या, सोनं द्या!"

पिंपळदरीकर थोडे वाकले. फेटा टपाला अडला. आणखी वाकले. शेवटी एका हाताने फेटा धरला, कंबरेत पार दुमडले, मान खाली घातली आणि दुसऱ्या हाताने सोनं पुढे केलं.

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "पिंपळदरीकरांनी मुजरा केला रे!"

"कबूल!" फळीवरून ढोणेबाबा गरजले.

पिंपळदरीकर ताठ व्हायला गेले, तर टपाच्या कडेला डोकं आपटलं! सोनं देऊन ते जे निघाले, ते टोमणा मारायचंही विसरले आणि फराळ करायचंही.

उदाजीरावांनी हाक मारली, "येसू! आता बोल. उंच मोटार कुणाची?"

"सरकार, आपली मोटार उंच असती तर ते ताठ उभे राहून बोलले असते. त्यांच्या मोटारीनं त्यांना पायी चालवलं, आपल्या मोटारीनं कंबरेत वाकवलं. आता तुम्हीच सांगा, उंच कोण?"

उदाजीराव असे हसले, असे हसले की त्यांचा हात भोंग्यावर पडला आणि अख्खी वेस दणाणली!

"हैबती, आजपासून तू ड्रायव्हर! खोली कायमची तुझी! आणि येसू, तुला काय हवं? माग!"

"बग्गीचे दोन्ही घोडे विकू नका, सरकार."

"का गं? मोटार आली की आता!"

"म्हणूनच तर! वाटंत बंद पडली, तर मानकरी ओढणार व्हय?"

पाचही मानकरी एका सुरात म्हणाले, "ठेवा, सरकार, घोडे ठेवा!"

उदाजीराव डोळे पुसत पुन्हा हसायला लागले, आणि त्या दिवशी घोड्यांना हरभऱ्याबरोबर गूळही मिळाला.