खुळा नसलेली गोष्ट

"त्या गोजराबाईची भट्टी विझवा!" दिवाणजी भर दरबारात ओरडले. "खुळ्यांच्या गोष्टी सांगून सांगून गावातली पोरं शेफारवलीत तिनं!"

झालं होतं असं. गोजराबाई फुटाणे भाजून विकायची. भट्टीवरची वाळू तापली की भोवती पोरं जमायची. बाईचा हात चालायचा तसं तोंडही चालायचं. तिच्या गोष्टीत एक गबाजी खुळा होता. शेळी वेल खाते म्हणून त्यानं मळ्याला कुंपण घातलं. शेळी आत ठेवून! आणि स्वतः काठी घेऊन बाहेर राखणीला बसला. पोरं हसून हसून लोळायची. त्यात राजाचे बाळराजेही असायचे. ओच्यात फुटाणे, नाकाला काजळी!

आणि त्या दिवशी दिवाणजींनी दरबारात तोड काढली, "कोठारात उंदीर फार झालेत. सगळी बिळं बाहेरून लिंपून टाकू!"

"वा! वा!" राजा म्हणाला.

तेवढ्यात बाळराजे खिदळले, "म्हणजे उंदीर आतच की! शेळी आत, आबासाहेब, शेळी आत!"

सगळा दरबार हसला. दिवाणजी लाल झाले. आणि "वा! वा!" म्हणणारा राजा त्यांच्याहून लाल!

लगेच दवंडी पिटली. यापुढं जो कोणी गोष्टीत खुळा आणील, त्याची चूल विझवली जाईल!

गोजराबाईनं पदर खोचला आणि तडक दरबार गाठला. "राजे, भट्टी विझली तर मी खाऊ काय? वाळू?"

"शहाण्यांच्या गोष्टी सांग की!"

"सांगून बघितल्या. पोरं जांभया देतात."

"तुला सांगता येत नसतील!" दिवाणजी फिसकन हसले.

"मग तुम्ही सांगा, दिवाणजी. मी पोरांना उठवायला बसते शेजारी."

राजा हट्टाला पेटला. "बस्स! आत्ता, इथंच गोष्ट सांग. तीत एकही खुळा येता कामा नये. आणि पोरं पोट धरून हसली पाहिजेत! जमलं तर भट्टी तुझी. नाही जमलं तर ओतलंच पाणी म्हणून समज!"

खुळा नाही आणि हसायचं! हे म्हणजे तव्याशिवाय भाकरी भाज म्हणण्यासारखंच झालं. पण गोजराबाई डगमगली नाही.

"एक विचारते, राजे. खुळा मी आणला तर माझी चूल. दुसऱ्या कुणी आणला तर?"

"त्याची विझेल! मग तो कुणी का असेना!"

गावातली पोरं आणून पुढं बसवली. बाळराजे सगळ्यांत पुढं. गोजराबाईनं मांडी घातली.

"एक होतं गाव. सगळे शहाणे. औषधालासुद्धा खुळा नाही! इतके शहाणे, की कुणी कुणाला काही विचारायचंच नाही. विचारलं तर आपल्याला माहीत नाही असं दिसेल ना! एकदा गावजेवण निघालं. भात झाला, आमटी झाली, जिलेब्या झाल्या. पानं मांडली आणि सगळं गाव पंगतीला बसलं."

"मग वाढलं कुणी?" एका पोरीनं विचारलं.

"तेच तर! वाढायला कुणी उरलंच नाही. पण विचारणार कोण? शहाणे ना! पाटील रिकाम्या पानाकडं बघून म्हणाले, 'भात कसा मोकळा झालाय!' कुलकर्णी म्हणाले, 'आमटी जरा झणझणीत आहे हो.' आणि सोनारकाका म्हणाले, 'नको, नको, जिलेबी आता पुरे!'"

पोरांत खसखस पिकली.

"इकडं कुत्री स्वयंपाकाच्या मांडवात शिरली. भात खाल्ला, आमटी लपलप प्याली, जिलेब्या फस्त! तशी पाटलीणबाई म्हणाली, 'बघा, कुत्री उष्ट्याला आली. म्हणजे आपलं जेवण झालं!' सगळ्यांनी ढेकर दिला आणि हात धुतले."

बाळराजे आडवे झाले. एका पोराला उचकी लागली.

"रात्री गावभर पोटं गुरगुरायला लागली. वैद्यबुवा आले. नाडी बघून म्हणाले, 'जेवण अंमळ जास्त झालंय! उद्या कडक लंघन करा!'"

"बरोबर आहे," दिवाणजी मान डोलवत म्हणाले. "अजीर्णावर लंघनच!"

आता मात्र राजाला राहवेना. तो गादीवरून ताडकन उठला. "अहो दिवाणजी, कसलं अजीर्ण? उपाशी आहेत ते! गोजरे, सगळं गावच खुळं आहे की गं तुझं! पाटील खुळा, कुलकर्णी खुळा, वैद्य तर महाखुळा!"

गोजराबाईनं हात जोडले.

"ऐकलंत, मंडळी? मी म्हटलं, सगळे शहाणे. दिवाणजींनीही ते खरं धरलं. गोष्टीत खुळे आणले ते राजांनी, आणि तेही गावच्या गाव! आता दवंडीप्रमाणं कुणाची चूल विझवायची, ते राजांनीच सांगावं!"

दिवाणजी पागोटं सावरायला लागले.

"आबासाहेब," बाळराजे हळूच म्हणाले, "मग आज आपण जेवायचं काय?"

राजा आधी गालात हसला. मग खांदे हलले. मग तो असा गडगडून हसला की मुगुट कानावर आला!

"विझवा! वाड्यातली चूल विझवा!" तो डोळे पुसत म्हणाला. "आज सगळा दरबार गोजराबाईच्या भट्टीवर फुटाणे खाईल!" आणि त्यानं हातातलं सोन्याचं कडं काढून तिच्यापुढं धरलं.

"ते राहू दे, राजे," गोजराबाई म्हणाली. "कडं काही भट्टीत फुलायचं नाही. हरभरे द्या!"

राजा पुन्हा हसत सुटला. कडं तर त्यानं दिलंच. वर कोठारातून हरभऱ्याची गाडी भरून भट्टीवर पाठवली, आणि बैलांचा कासरा धरून पुढं दिवाणजींना चालवलं!