काळं तेल

१७ जानेवारी, शनिवार. पहाटे दाट धुकं, नऊनंतर स्वच्छ ऊन, वारा अजिबात नाही.

“पण भंते, तेलानंच असं काय घोडं मारलंय?”

पुरुषोत्तम खोब्रागडे हे विचारत होता तेव्हा विहाराच्या ओट्यावर त्याच्यासाठी सगळी तयारी मांडून ठेवली होती. पाण्याचा तांब्या, वस्तरा, घडी घातलेलं नवं चीवर. आज त्याचं मुंडण व्हायचं होतं. संसार आणि कारखाना मागे टाकून तो कायमचा भिक्खू होणार होता.

भदंत उपशांत मोहाच्या झाडाखाली पाय दुमडून बसले होते.

“मोडीचं सोनं चालतं लोकांना,” पुरुषोत्तम म्हणाला. “त्या सोन्याचं मंगळसूत्र करतात. आधी कुणाच्या गळ्यात होतं, कुणी विचारत नाही. रद्दीचा कागद चालतो, त्यावर लग्नाच्या पत्रिका छापतात. आणि माझ्या तेलाचा डबा उघडला की नाक आधी आत!”

“वास येतो का?”

“येत नाही, भंते. तेच त्यांना खटकतं.”

भंतेंच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं.

नागपूरजवळच्या एमआयडीसीत पुरुषोत्तमचा कारखाना होता. गॅरेजांमधून गाड्यांचं वापरलेलं काळं तेल गोळा करायचं, ते शुद्ध करायचं आणि पुन्हा इंजिनात घालण्याजोगं करून विकायचं, हा त्याचा धंदा. तरुणपणी सुरू केला, त्यात केस पिकले. तेल उत्तम निघे. विकलं मात्र जात नसे.

“एक ट्रकवाला काय म्हणतो, ठाऊक आहे? बोटांवर चोळून बघितलं आणि म्हणाला, खोब्रागडे, माझ्या इंजिनला दुसऱ्याचं उष्टं पाजू का?”

“मग?”

“स्वस्त दिलं तर म्हणतात, काहीतरी गोम आहे. भाव वाढवला तर म्हणतात, जुनं देऊन नव्याचा भाव लावता का? प्रयोगशाळेचा दाखला पुढे केला, तर एक जण म्हणाला, दाखला तर मेलेल्या माणसाचाही मिळतो.”

आता भंते मोकळेपणानं हसले. पुरुषोत्तमला ते आवडलं नाही.

“मीही सोडलं नाही त्याला. म्हटलं, आमच्या भंतेंच्या अंगावरचं चीवर बघून या. लोकांनी टाकलेल्या कापडाचे तुकडे धुऊन, रंगवून, जोडून शिवलंय. त्याच्या पाया पडता ना?”

“छान बोललास.” भंतेंनी आपल्या खांद्यावरचं चीवर सारखं केलं. ते खरोखरच तुकड्यांचं होतं, आणि त्याच्या शिवणी इतक्या सरळ होत्या की बघत राहावं. “मग घेतलं का त्यानं तेल?”

“...नाही.”

पुरुषोत्तमनं मान खाली घातली. काल त्यानं भट्टी विझवली होती. कामगारांना सांगितलं होतं, दुसरीकडे कामं बघा. रात्री बायकोला, शालिनीला, सांगितलं. ती भाजी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, “जा. नाही म्हणत नाही मी. पण डोकं भादरून आलात, तर दाराशी भिक्षेला उभे राहा. आत जेवायचं ताट मांडायची नाही.”

हे त्यानं भंतेंना जसंच्या तसं सांगितलं.

“खंबीर बाई आहे,” भंते म्हणाले.

तेवढ्यात विहाराची जीप आवारात शिरली. आसपासच्या गावांतल्या आजाऱ्यांना दवाखान्यात नेण्यासाठी ती ठेवलेली होती. चालवणारे दशरथ मेश्राम उतरले, तेच तक्रार घेऊन.

“भंतेजी, तेल बदलायला आलं. सोमवारी तीन पेशंट न्यायचे आहेत. गॅरेजवाला म्हणते, आज टाइम नाही.”

पुरुषोत्तम उठला. आपण कशासाठी आलो आहोत हे तो क्षणभर विसरलाच. “गॅरेज कशाला? इंजिन गरम आहे, हीच वेळ आहे. पाना द्या.”

आणि तो पांढऱ्या कपड्यांनिशी जीपखाली शिरला.

“काय भाऊ,” दशरथ वाकून म्हणाले, “आज तर तुमची हजामत होती नं? गाडीखाली काऊन घुसले?”

“परात सरकवा इकडे. बोलू नका.”

खालचा नट सुटला. तेलाची धार परातीत पडू लागली, काळीकुट्ट, चकाकती. पुरुषोत्तम शेवटचा थेंब निथळेपर्यंत वाट बघत राहिला. दोन थेंब बाहेर मातीवर उडाले. त्यानं ती माती नखांनी खरवडून कागदात घेतली. मग स्वतःच्या गाडीतून आपल्या कारखान्याचा डबा आणला आणि ताजं तेल जीपमध्ये भरलं. उन्हात ते मधासारखं दिसत होतं. दशरथनं जीप सुरू केली, कान देऊन ऐकलं आणि अंगठा वर केला. या जीपमध्ये पुरुषोत्तमच्या तेलाशिवाय दुसरं तेल कधी पडलंच नव्हतं.

भंते केव्हाच परातीपाशी येऊन उभे राहिले होते.

“बाप रे. फारच काळं झालंय,” ते म्हणाले. “टाकून दे.”

“टाकून?” पुरुषोत्तम सरळ उभा राहिला. “भंते, तुम्ही असं म्हणता?”

“मग काय करणार याचं?”

“अहो, चांगलं तेल आहे हे!”

“इतकं काळं?”

“काळं झालं म्हणजेच काम केलं त्यानं. इंजिनातली काजळी, मळ, सगळं स्वतःत ओढून घेतलं. जे तेल काळं होत नाही, ते मळ तसाच आत सोडतं. तेल काही झिजत नसतं, भंते. मळतं फक्त.” बोलता बोलता त्याचे हात हलू लागले. “आधी ते शांत ठेवायचं, गाळ आपोआप खाली बसतो. मग तापवायचं, पाणी उडून जातं. मग हवा काढून घेतलेल्या भांड्यात आणखी तापवायचं. तेल वाफ होऊन वर जातं, पलीकडे थंड होऊन उतरतं, आणि मळ तळाला राहतो. त्या मळाचंही डांबरात काम होतं. काहीच फेकावं लागत नाही! पहिल्यांदा स्वच्छ धार आली ना, तेव्हा मी रात्रभर घरी गेलो नव्हतो. नुसता बघत बसलो होतो.”

भंते त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं.

“आणि लोक हे नालीत ओततात, भंते. विहिरीच्या काठावर ओततात. दारोदार जाऊन ओरडलो मी, ओतू नका रे, ते कुठे जात नाही, तिथंच राहतं...”

तो थांबला. त्याला धाप लागली होती.

“हात धू,” भंते म्हणाले. “ये.”

पुरुषोत्तम ओट्यावर बसला. भंतेंनी त्याच्या डोक्यावर पाणी घातलं, केस ओले केले. वस्तरा कपाळापासून मागे एकदाच फिरला. पहिली बट भंतेंनी प्रथेप्रमाणे त्याच्या ओंजळीत ठेवली. जो भिक्खू होतो, त्यानं या बटेकडे बघत बसायचं असतं आणि आपण काय सोडतो आहोत ते मनाशी म्हणायचं असतं.

बटेत काळे केस थोडे, पांढरेच जास्त होते.

“मोठ्यानं म्हण,” भंते म्हणाले. “काय सोडतोयस?”

“कारखाना. गिऱ्हाइकं. त्यांची ती नाकं. घरही. शालिनीला मी कधी वेळ दिला नाही. दिली ती चिडचिड. इतकी वर्षं गेली, भंते. पार काळं झालंय सगळं. आता हे ओतून टाकायचं आणि नवं कोरं घ्यायचं. सीलबंद.”

वस्तरा पुन्हा डोक्याला लागेल म्हणून तो वाट बघत राहिला.

लागला नाही.

“कुठे ओतणार?” भंतेंनी विचारलं.

...

मोहाच्या झाडावर एक होला घुमत होता. तो उडून गेला. दशरथनं जीप बंद केली.

ओंजळीतली बट पुरुषोत्तमनं कुठे ठेवावी म्हणून इकडेतिकडे पाहिलं, आणि शेवटी सदऱ्याच्या खिशात घातली.

भंतेंनी वस्तरा पुसला, मिटला आणि ताटलीत ठेवला. नव्या चीवराची घडी उचलून ते आत ठेवून आले. येताना त्यांच्या हातात एक रिकामा डबा होता.

पुरुषोत्तम परातीशी उकिडवा बसला. काळं तेल त्यानं डब्यात ओतलं, कागदातली माती वेगळी बांधून घेतली, झाकण घट्ट लावलं. मग फोन काढून आपल्या मुकादमाला लावला.

“विलास, भट्टी पेटव. हो, आजच... कुणी गेलं नाही ना? बरं. येतोय मी. एक डबा काळं आहे माझ्याकडे... आणि घरी फोन कर. वहिनींना सांग, ताट मांडा.”

दशरथ त्याच्या डोक्याकडे बघत होते. कपाळापासून टाळूपर्यंत बोटभर रुंद पट्टा भादरलेला, दोन्ही बाजूंना केस जसेच्या तसे.

“भाऊ, अशानं वहिनी ओळखणार नाही तुम्हाला. या दरवाजातून गाढव गेलं अन् त्या दरवाजातून झेब्रा आला!”

पुरुषोत्तमनं पट्ट्यावरून हात फिरवला. कानापर्यंत लाल झाला. डबा गाडीत ठेवून तो परत आला आणि भंतेंना तीनदा वंदन केलं.

“भंते,” तो हळूच म्हणाला, “याचं काय करू?”

भंतेंनी त्या भादरलेल्या पट्ट्यावर तळहात ठेवला.

“काही करू नकोस. उगवेल. तिथूनच.”