टिकटिक

"उस्ताद, टिकटिक गेली बघा. आता तरी पाठ थोपटा की!"

रंगरावानं जुन्या मोटारीचं बॉनेट उघडून धरलं होतं. उद्या याच गाडीतून त्याच्या लेकीची, शालनची, वरात घाट चढून सासरी जायची होती. चारचौघांत इंजिन खडखडलं, तर एवढ्या मोठ्या गॅरेजवाल्याचं नाक कापलं जाणार... या धास्तीनं त्याची झोप उडाली होती.

ज्यांच्या हाताखाली तो घडला, ते नूरमहंमद मिस्त्री बाकड्यावरून उठले.

"चालू कर."

मिस्त्रींनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि ऐकत राहिले...

रंगराव शाबासकीची वाट बघत होता. म्हाताऱ्याचा चेहरा मात्र उतरत चालला.

"बंद कर. झाकण काढ."

व्हॉल्व्हच्या डोक्यावर केसभर फट असावी लागते. मिस्त्रींनी तिथं पोलादाची पातळ पत्ती घालून पाहिली. शिरेना.

"फट कुठं गेली रं?"

"आवाज तिथनंच येत हुता. टाकली आवळून."

"गार इंजिनाची ही गत. तापल्यावर लोखंड फुगणार. मग व्हॉल्व्ह मिटायचा कसा?"

हे रंगरावाला काय ठाऊक नव्हतं? व्हॉल्व्ह उघडाच राहतो. आतल्या आत जळत जातो, आणि बाहेर काही ऐकू येत नाही. भर चढणीला इंजिनानं दम सोडला असता... गाडी मागं घसरली असती... आत शालन.

त्यानं पाना मिस्त्रींपुढं धरला. मिस्त्रींनीच फट पुन्हा सोडली.

गाडी सुरू झाली. टिकटिक... टिकटिक...

"वाजू दे," मिस्त्री म्हणाले. "घरी समदं बरं हाय न्हवं?"

जीव भांड्यात पडलेला रंगराव मोकळेपणानं बोलून गेला, "बरं हाय की. शालननंच डोकं उठवलं हुतं. 'हे स्थळ नगो' म्हणून रोज रडगाणं. भरला चांगला दम. आता हूं न्हाई की चूं न्हाई."

हात पुसता पुसता मिस्त्री थांबले.

टिकटिक चालूच होती. रंगरावाला आपलंच बोलणं ऐकू आलं.

"रंगा..." मिस्त्रींचा आवाज खाली आला. "कवापासनं गप हाय ती?"