तिवराची कोयतेबंदी

ताई, ती डहाळी सोडा. एस.टी.तून उतरलात तेव्हा सांगितलं, बांधावर चढताना सांगितलं, तरी हात कोवळ्या शेंड्याकडेच. या, इथे बसा आणि एकदा नीट ऐका, म्हणजे मला पुन्हा सांगायला नको.

हा आमचा बांधवलीचा बांध. अलीकडे भातशेती, पलीकडे खाडी, आणि मधे हे तिवरांचं रान. पाऊस लागून खाडीचं पाणी जरा गोडं झालं की तिवराला नवी पालवी फुटते. भरतीची लाट या रानात अडकते, दमते आणि मग बांधाशी येते. रान विरळ झालं तर ती थेट बांधावर आदळते.

असे सांगतात की फार पूर्वी गावातले पुरुष याच दिवसांत कोयते घेऊन इथे उतरत. हा पाला म्हशी आवडीने खातात, आणि चाऱ्यासाठी डोंगर चढायचा सगळ्यांना कंटाळा. छाटलेली झाडं वाळत, उधाणाला बांध फुटे, लावलेल्या भातात खारं पाणी शिरे. मग सगळे मिळून बांध घालत, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा कोयते घेऊन हजर.

गावात ठकू नावाची बाई होती, जोमाची बायको. तिचं शेत बांधाला लागून, त्यामुळे नुकसान पहिलं तिचं. तिने पाणवठ्यावर सांगितलं, चावडीवर सांगितलं, नवऱ्याला तर रोज जेवताना सांगितलं. जोमा म्हणे "हो हो" करायचा आणि हात धुऊन कोयता उचलायचा. एका वर्षी शेतात दाणा आला नाही. पोरांना कंदमुळांवर जगवावं लागलं.

पुढच्या आषाढात पालवी फुटली आणि ठकूचं डोकं फिरलं. पुरुष बांधाच्या पार दुसऱ्या टोकाला डागडुजीला गेले होते. धार लावून आणते असं सांगून तिने घरोघरचे कोयते टोपलीत गोळा केले आणि भर भरतीच्या खाडीत ओतून दिले.

गाव खवळलं. पंचांनी तिला वाळीत टाकलं, जोमानेही दार लावून घेतलं. ती या बांधावर झोपडी घालून राहिली. पुरुष चिखलात कोयते शोधत राहिले. म्हणे हाताला टोक लागायचं, ओढून बघावं तर तिवराचं मूळ. खाडीत पडलेल्या कोयत्यांनाच मुळं फुटली, म्हणून तिवराची मुळं अशी टोकं वर काढून उभी असतात, असं जुनी माणसं सांगत.

नवे कोयते घडवून येईपर्यंत पालवी निबर झाली होती, म्हशी तिला तोंड लावीनात, म्हणून रान तसंच राहिलं. भाद्रपदातल्या अमावस्येला मोठं उधाण आलं. ठकू बांधावर एकटीच उभी होती. लाटा तिवरांत शिरल्या, आणि तिच्या पायांशी पोचला तो नुसता फेस. बांध टिकला.

पाणी ओसरल्यावर पंच तिला घरी न्यायला आले, त्यांच्या मागे जोमा. ठकूने मान वर केली नाही.

"तोंडाने सांगून झालं," ती म्हणाली. "आता पालवी फुटली की कोयते माझ्या ताब्यात द्यायचे. कबूल असेल तर येते, नाहीतर मी इथेच बरी."

पंच कबूल झाले. जोमाने हळूच विचारलं, "माझाही?"

"तुझा आधी."

आजही पालवी फुटली की गावातल्या बायका घरोघर फिरून कोयते गोळा करतात आणि ठकूच्या नावाने बांधलेल्या ठकाईच्या देवळात ठेवतात. ते परत मिळतात दसऱ्याच्या पूजेला. इतक्या पिढ्या गेल्या, पण आजही दर वर्षी कोणीतरी शहाणा आपला कोयता माळ्यावर पेंढ्यात लपवतोच. म्हणून बायका कुठल्याही घरात शिरल्या की काही न विचारता आधी माळ्यावर चढतात.