ऐनाचा मुदतीचा अर्ज

विषय : डोंगरउतारावरील वृद्ध ऐनवृक्षाची तोड धनेश पक्ष्याची पिल्ले उडेपर्यंत पुढे ढकलण्याबाबत.

एका राज्यात झाडांची मोठी भरभराट होती. निदान अहवालांत तरी होती. पूर्वी तिथे तुळया निघत, म्हणून जाडजूड झाडे पडत. ती संपल्यावर फळ्या निघू लागल्या. पुढे कागद निघू लागला, कारण कागदाला काटकीही चालते. उत्पादन दरवर्षी वाढले आणि ते वाढल्याचे कळवायला आणखी कागद लागला.

ऐनाला स्वतःच्या मरणाचे फारसे काही वाटत नव्हते. पण त्याच्या ढोलीत धनेशाची मादी दार लिंपून पिल्लांसह बसली होती. फटीतून चोच तेवढी दिसे. नर तिला बाहेरून उंबरे भरवी. म्हणून ऐनाने अर्ज केला.

कारकून सुतारपक्ष्याने तो वाचला. "शेजाऱ्यांची ना-हरकत कुठंय, आजोबा?"

"शेजारी हे काय, उभे आहेत. विचार की."

"उभ्याचं चालत नाही. लेखी लागतं."

"मग माझा करा कागद," शेजारचा बांबू म्हणाला. "पोरं उडू देत बिचारी."

बांबूचा कागद झाला. त्यावर बांबूची हरकत नसल्याचे सुवाच्य अक्षरांत लिहिले गेले. मात्र खाली सही करायला बांबू उरला नव्हता. कार्यालयाने ही त्रुटी लगेच कळवली. तिच्या पूर्ततेसाठी सावर गेली, तिच्या सहीसाठी पांगारा गेला. सगळे आनंदाने गेले. त्रुटी तेवढी राहिली.

"बाबा, आज ऊन फार लागतंय हो," ढोलीतून मादी म्हणाली.

"उन्हाळाच आहे, पोरी," ऐन म्हणाला. उतारावर आता तो एकटाच होता.

अखेर साहेबांचे मन द्रवले. सही नसतानाही ते म्हणाले, "मंजूर!" पण हुकूम लिहायला भांडारात कागद नव्हता. सुतारपक्षी गेरू घेऊन आला आणि ऐनाच्या बुंध्यावर त्याने फुली मारली.

"म्हणजे तोडणार?"

"भलतंच काय, आजोबा! तुमचीच मंजुरी लिहायचीय."

"पिल्लांना अजून पंख फुटले नाहीत रे."

"तसं लेखी द्या," सुतारपक्षी हळू आवाजात म्हणाला आणि त्याने मान फिरवली.

सध्या मजूर ऐनाच्या सावलीत कुऱ्हाडींना धार लावत बसले आहेत. त्या राज्यात दुसरी सावली नाही. नर राज्याच्या हद्दीपलीकडून उंबरे आणतो आहे.

अर्ज विचाराधीन आहे.