आईआधी शीळ नाही

जपून चढा पाहुणे, शेवाळ आहे. ही पडकी भिंत म्हणजे एके काळचं आरमाराचं ठाणं. इथला दगड उचलायचा नाही. मागे एकाने खिशात घातला होता, मी त्याला खिसा उलटा करायला लावला.

खाली खाडीत बायका शिंपले काढताहेत बघा. कोरियाच्या या बेटांवर बुडी मारणारी बाई वर आली, की कोंडलेला श्वास शीळ घालत सोडते. आमच्या खाडीत मात्र पोरी वर येऊनही गप्प असतात.

असं सांगतात, की फार पूर्वी धुक्याच्या एका सकाळी समुद्री लुटारू इथे उतरले. सैनिकांना त्यांनी अंथरुणातच कापलं, मुंडकी ठाण्याच्या विहिरीत टाकली. धुकं निवळलं की टेकडीमागचं गाव जाळायचं, म्हणून जहाजावर परतून दारू पीत बसले.

गावात लढणारं कुणी उरलं नव्हतं. तेव्हा ओकबुन नावाच्या बाईने आणि तिच्या लेकीने, दाल्लेने, शिंपले उचकटायच्या धारदार आकड्या कमरेला खोचल्या. नांगराचा दोर कापला, की भरती जहाजाला खडकांवर आपटणार होती. "वर आलीस तरी तोंड मिटून ठेव, बाई," आईने बजावलं म्हणे.

दोर मनगटाएवढा जाड. दाल्ले अर्धा कापून वर आली आणि जन्माची सवय, शीळ सुटलीच! आवाजाच्या रोखाने बाण आले. एकाने तिचा कान फाडला.

तेवढ्यात जहाजाच्या पलीकडून दुसरी शीळ आली. मोठी, मुद्दाम घातलेली. लुटारू तिकडे धावले. बाण लागले तरी शीळ येतच राहिली. भाला लागला तरी आली. इकडे पोरगी पुन्हा खाली गेली. दोर तोडून ती वर आली, तेव्हा शीळ थांबली होती.

जहाज फुटलं. पोहत काठाला लागलेल्या एकेका लुटारूला गावातल्या बायकांनी तसल्याच आकड्यांनी फाडलं. दया कुणी केली नाही, आणि मला विचाराल तर बरंच केलं. ओकबुनच्या अंगावर बाण रुतायला जागा उरली नव्हती. दाल्ले तिच्याजवळ बसून रडली म्हणे, पण तोंड मिटून.

तेव्हापासून इथे सर्वांत म्हाताऱ्या बाईची शीळ झाल्याशिवाय पोरी श्वास मोकळा सोडत नाहीत. बाण यायचाच तर आधी म्हातारीवर यावा.

आजही तसंच आहे. आता सर्वांत म्हातारी मी. दम्याने माझी बुडी सुटली, तरी रोज मला या भिंतीवर आणून बसवतात. ती बघा, डोकी वर आली. त्यात माझी लेक आहे. थांबा जरा, मला शीळ घालू द्या.